अर्धं बसलेलं कुलूप

सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, पण ते कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. ते कुलपांचे मास्तर. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. उंच माणूस सरळ उभा राहिला की डोकं आपटायचंच. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांचे घोस, कोपऱ्यात किल्ल्या कापायचं मशीन, एक स्टूल मास्तरांना आणि दुसरं, एक पाय आखूड असलेलं, गिऱ्हाइकाला. तीस वर्षं त्यांनी तिथे बसून काढली. "दार बघितलं की त्याचा स्वभाव कळतो मला," असं ते कौतुकानं सांगायचे, आणि त्यांची बायको लगेच म्हणायची, "माणसांचा कळला असता तर बरं झालं असतं."

तिच्या बोलण्यात थट्टा होती, पण ती बोचायची. चार वर्षांपूर्वी भरदुपारी एक माणूस दुकानात आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात भाजीची पिशवी, बोलणं अगदी अदबीचं. बायको माहेरी गेलीय, किल्ली तिच्याबरोबर गेलीय, जरा येता का? मास्तर गेले आणि चार मिनिटांत त्यांनी दार उघडून दिलं. आत ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेली एक बाई उभी होती. तिनं नवऱ्याकडे बघितलंच नाही. मास्तरांकडे बघितलं. नवरा आत घुसला, दार आपटलं आणि आतून कडी सरकली. मग जे ऐकू आलं ते ऐकत मास्तर हातात हत्यारांची थैली घेऊन किती वेळ उभे होते, ते त्यांना स्वतःलाही कधी सांगता आलं नाही. आधी त्यांनी दारावर थापा मारल्या, मग खाली धावत जाऊन लोकांना गोळा केलं. लोकांना समजावून सांगण्यात वेळ गेला. दार फोडलं तेव्हा त्या बाईचा डावा डोळा गेलेला होता.

त्याच दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर त्यांना नर्सबाई भेटल्या. किडकिडीत अंगाच्या, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. त्याच हॉस्पिटलच्या अपघात विभागात त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. त्याच त्या बायकांना पुन्हापुन्हा टाके घालून वैतागल्या आणि नोकरी सोडून त्यांनी एक संस्था काढली. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, एक फोन, चार बायका आणि जुन्या कपड्यांचं एक कपाट, एवढाच संस्थेचा पसारा. ज्यांना घरातच मार बसतो त्यांना घराबाहेर काढायचं, आणि घर त्यांचं असेल तर मारणाऱ्याला बाहेर काढायचं, हे त्यांचं काम.

"दार तुम्ही उघडलंत ना?" नर्सबाईंनी विचारलं.

मास्तरांनी मान हलवली. आता ही बाई आपल्याला फाडून खाणार, अशी त्यांची खात्री होती.

"उद्या सकाळी हत्यारं घेऊन या," नर्सबाई म्हणाल्या. "अकरा दारांची कुलपं बदलायची पडलीत आमच्याकडे."

तेव्हापासून दर गुरुवारी मास्तरांचं दुकान बंद असायचं.

ही गोष्ट अशाच एका गुरुवारची. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्यांचं. घरात बाहत्तर वर्षांची आजी एकटीच. ती शाळेचे गणवेश शिवायची. खिडकीपाशी शिलाई मशीन, बाजूला कापलेल्या कॉलरींचा ढीग, जमिनीवर निळे दोरे सांडलेले. तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. तीन डॉक्टरांना तिनं सांगितलं होतं की पायरीवरून पाय घसरला. चौथी डॉक्टर वयानं लहान होती. तिनं काहीच विचारलं नाही, नुसती शेजारी बसून राहिली. तेव्हा आजी म्हणाली, "मुलानं पिरगाळला."

मुलगा चाळिशीचा, लिफ्ट दुरुस्त करणारा. लोखंडी दोर ओढून ओढून त्याचे दंड मांडीएवढे झाले होते. दारू प्यायचा नाही. शेजाऱ्यांना वाटायचं, पीत असेल. तेवढं एक कारण तरी सापडलं असतं. जिन्यात कुणी पिशवी घेऊन चढताना दिसलं की हा धावत जाऊन पिशवी उचलायचा. घरात मात्र चहा कोमट लागला, शर्टाचं बटण सैल राहिलं, मशीनचा आवाज झाला, एवढं पुरायचं. आठ दिवसांपूर्वी कोर्टानं आदेश दिला होता की त्यानं या घरात पाऊल टाकायचं नाही. तो मित्राकडे राहायला गेला होता, पण जुन्या कुलपाची किल्ली त्याच्या खिशातच होती.

पोलीस अकराला येणार होते. साडेअकरा झाले. नर्सबाईंनी फोन केला तर तिकडून "निघालेत, निघालेत," एवढंच उत्तर आलं.

"सुरू करा मास्तर," नर्सबाई म्हणाल्या. "तो कामावर आहे. सकाळीच मी त्याच्या कंपनीत विचारून घेतलंय."

मास्तरांनी खाली बैठक मारली. जुन्या लॅचच्या स्क्रूंवर रंगाचे तीन थर चढलेले होते. ते पटाशीनं खरवडण्यातच दहा मिनिटं गेली. लॅच निघाला आणि दारात तळहाताएवढं भोक पडलं. त्यातून समोरच्या घराचं दार दिसत होतं. तिथे एक धिप्पाड बाई पाळणाघर चालवायची, आणि आतून पोरांचा कलकलाट येत होता. आणलेलं नवं कुलूप त्या भोकापेक्षा जरा मोठं निघालं. म्हणजे भोक आणखी कोरायला हवं. मास्तर स्वतःशीच पुटपुटले, "माप फोनवर घेतलं की असंच होतं," आणि पटाशीवर हातोडी ठोकायला लागले.

आजी मशीनपाशी बसली होती. तिची नजर सारखी घड्याळावर जात होती. नर्सबाईंच्या ते लक्षात आलं.

"आजी, काय झालं?"

"काही नाही."

"आजी."

आजीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी त्याला सकाळी फोन केला होता," ती म्हणाली. "म्हटलं, आज कुलूप बदलतायत, तुझे कपडे घेऊन जा. थंडीचं जाकीट इथेच राहिलंय त्याचं."

मास्तरांची हातोडी थांबली. नर्सबाईंनी एक क्षण डोळे मिटले, आणि मग अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "मास्तर, कडी लावा."

कडी लावली आणि जिन्यात पावलं वाजली. तो धावत नव्हता. एकेक पायरी चढत होता. पावलं दाराशी येऊन थांबली. भोकातून शर्टाचा एक तुकडा दिसला, त्यावर कंपनीचा बिल्ला.

"आई," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. "आई, मी आलोय. दार उघड ना. जाकीट घेतो आणि जातो."

आजी उठली. नर्सबाईंनी तिचा हात धरला.

"जाकीट खाली आणून देतो आम्ही," नर्सबाई दाराकडे तोंड करून म्हणाल्या. "तुम्ही इथे यायचं नाहीये. पोलीस येतायत."

बाहेर पावलं जरा मागे सरकली. मग दारावर लाथ बसली.

मास्तर म्हणायचे ना, दाराचा स्वभाव कळतो. या दाराचा त्यांना आल्याआल्याच कळला होता. फळी आतून कुजलेली, कडीचे स्क्रू ढिले, चौकटीला जुनी चीर. हे दार या लाथेला ओळखत होतं. मास्तरांनी खांदा लावला आणि पाय भिंतीला टेकवले. दुसरी लाथ त्यांच्या दातांत वाजली.

"कोण आहे रे आत? माझ्या घरात कोण आहे?"

तिसरी लाथ. मग लाथा थांबल्या, आणि भोकातून बोटं आत आली. जाड, काळ्या ग्रीसची, नखांत मळ असलेली चार बोटं. ती चाचपत वर सरकायला लागली, कडीच्या दिशेनं. मनगटही आत आलं. बोटांना कडीचा दांडा सापडला.

मास्तरांनी हातोडी उचलली. एवढ्या वर्षांत या हातोडीनं त्यांनी लाकूड, लोखंड आणि एकदा चुकून स्वतःचा अंगठा, एवढंच ठोकलं होतं. "हात काढ," ते म्हणाले. "हात काढ बाबा, मी मारीन." बोटांनी दांडा अर्धा सरकवला. मास्तरांनी मारलं. कोरडा काटका मोडावा तसा आवाज झाला. बाहेरून किंकाळी आली, आणि तिच्यामागोमाग आतून दुसरी.

दुसरी आजीची होती. नर्सबाईंचा हात झिडकारून ती मास्तरांच्या अंगावर आली. "माझं पोर आहे ते! हात मोडलास त्याचा, मेल्या!" प्लास्टरचा हात तिनं त्यांच्या डोक्यात घातला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा त्यांचं मनगट धरून कचकन चावली. बाहत्तर वर्षांच्या बाईचे उरलेसुरले दात, पण मास्तरांना ते हाडापर्यंत लागले. नर्सबाई तिला मागे ओढत होत्या. तेवढ्या गडबडीत मास्तरांचा खांदा दारावरून सुटला.

पुढच्या लाथेला कडी स्क्रूंसकट उडाली. दाराचा फटका बसून मास्तर भिंतीवर आदळले आणि खाली बसले. मुलगा आत आला. उजव्या हाताची दोन बोटं वेडीवाकडी लोंबत होती, आणि तो त्या बोटांकडे नवल वाटावं तसा बघत होता.

"ही तू मोडलीस?" त्यानं मास्तरांना विचारलं. "बोटं मोडलीस माझी? मी हातावर पोट भरतो. आण इकडे. तुझी बोटं आण."

मास्तर उठायला गेले तर त्यानं छातीत लाथ घातली. त्यांचा उजवा हात जमिनीवर पसरला होता. त्यावर त्यानं बूट ठेवला आणि सगळा भार दिला. मग खाली वाकून डाव्या हातानं हातोडी उचलली. पहिला घाव बसला तेव्हा मास्तरांनी स्वतःची किंकाळी दुसऱ्या कुणाची तरी असावी तशी ऐकली. तर्जनी गेली. दुसऱ्या घावाला मधलं बोट. तिसरा घाव बोटावर न बसता हाताच्या पाठीवर बसला. तिथलं काहीतरी आत सरकलं, आणि दुखणंच क्षणभर बंद झालं. ते दुखण्यापेक्षा भयंकर होतं.

नर्सबाईंनी जवळची इस्त्री उचलून त्याच्या पाठीत हाणली. जुनी, वजनदार इस्त्री. तो कळवळला, वळला, आणि त्यानं नर्सबाईंना मानेपाशी धरून फेकलं. बासष्ट वर्षांची बाई, अंगात मांस ते किती. त्या शिलाई मशीनवर आदळल्या, मशीन त्यांच्यासकट आडवं झालं, आणि पांढऱ्या केसांतून रक्त वाहून निळ्या कॉलरींवर पडायला लागलं. त्या उठल्या नाहीत.

"कुणी बोलावलं यांना?" तो ओरडला. धापा टाकत खोलीच्या मधोमध उभा होता तो, हातोडी घेऊन. "आई, सांग यांना. तू बोलावलं नाहीस. हेच घुसलेत ना घरात? पोलीस आले की हेच सांगायचं, कळलं? तू बोलावलं नाहीस!"

आजी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या ओठांना मास्तरांचं रक्त लागलेलं होतं. आत्ता मिनिटभरापूर्वी हीच बाई मुलासाठी माणसाला चावली होती, त्यामुळे मास्तरांना वाटलं, ही आता हो म्हणणार.

"मीच बोलावलं," आजी म्हणाली.

त्यानं तिच्या तोंडात मारली. उघड्या हातानं, पण तिचं डोकं भिंतीवर आदळलं.

"नीट सांग."

"मीच बोलावलं. कोर्टात मीच गेले. कुलूप मीच बदलायला लावलं."

त्यानं पुन्हा मारली. यावेळी मूठ होती. तिच्या गालाचं हाड मोडल्याचं मास्तरांना दिसलं. गाल आत गेला. ती घसरत खाली बसली. बसल्या बसल्या तिनं तोंडातलं रक्त पदरात थुंकलं आणि म्हणाली, "मीच."

शब्दाला एक फटका, असं किती वेळ चाललं असतं कुणास ठाऊक. पण समोरची पाळणाघरवाली आली. पोरांना आतल्या खोलीत कोंडून, दाराला आडवा लावायचा लोखंडी दांडा घेऊन ती आली होती. बोलण्यात वेळ घालवला नाही हे फार बरं झालं. मागून येऊन तिनं दोन्ही हातांनी दांडा फिरवला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो ओरडत एका अंगावर कोसळला. हातोडी सुटून मास्तरांच्या बाजूला आली.

मास्तरांनी ती डाव्या हातानं उचलली.

हा भाग ते नंतर कुणाला सांगत, तेव्हा खालच्या आवाजात सांगत. तो खाली पडलेला होता. गुडघा धरून पडला होता, उठू शकत नव्हता. मास्तर गुडघ्यांवर रांगत त्याच्यापाशी गेले आणि त्यांनी हातोडी घातली. खांद्यावर बसली. पुन्हा घातली. गळ्याजवळचं हाड तुटलं. पाळणाघरवाली म्हणाली, "अहो, पुरे, पुरे की," पण त्यांच्या कानांत भलताच आवाज घुमत होता. चार वर्षांपूर्वी बंद दारापलीकडून आलेला. त्यांनी तिसऱ्यांदा हातोडी उचलली. या वेळी त्यांना डोकं दिसत होतं, कानाच्या वरचा भाग, आणि नेम तिथेच होता. हातोडी रक्तानं बरबटलेली होती, हात डावा होता. ती वर गेली आणि मागच्या मागे निसटून भिंतीवर आपटली. ती शोधायला ते वळले, आणि तेव्हाच दारात पोलीस उभे दिसले.

"हे काय चाललंय?" पोलिसानं विचारलं.

पाळणाघरवाली म्हणाली, "तुमची वाट बघणं चाललं होतं."

हॉस्पिटलमध्ये चौघं एकाच मजल्यावर होती. मुलाच्या खोलीबाहेर पहारा होता. नर्सबाईंच्या डोक्याला चौदा टाके पडले, आणि ते घालणाऱ्या नर्सला नर्सबाईंनीच कधीतरी टाके घालायला शिकवलं होतं. "ओढून घे जरा, ढिला घातलायस," असं त्या शुद्धीवर येतायेता म्हणाल्या, हे पुढे त्या मजल्यावर बरेच दिवस सांगितलं जायचं. आजीच्या गालात धातूची पट्टी बसवली. मास्तरांच्या हाताचं दोनदा ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की दोन बोटं आता वाकणार नाहीत. बारीक किल्लीचे दात तासायचं काम त्या हातानं होणार नाही.

बायको रोज डबा घेऊन यायची आणि त्यांना भरवायची. तिनं एकदाही "मी सांगत होते" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटायचं.

पोलीस जबाब घ्यायला आले, तेव्हा मास्तरांनी होतं ते सगळं सांगितलं. तिसऱ्या घावाचंही सांगितलं. जबाब लिहिणारा थांबला. म्हणाला, "मास्तर, तुम्ही थांबलात असं लिहू का? भानावर आलात, असं?"

"नाही," मास्तर म्हणाले. "हातोडी निसटली असं लिहा."

महिन्याभरानं ते संस्थेत गेले. हात गळ्यात अडकवलेला होता. नर्सबाईंच्या डोक्यावर अर्ध्या भागात केस नव्हते, त्यामुळे त्या एखाद्या रागावलेल्या पक्ष्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी चहा मागवला आणि पहिला घोट घ्यायच्या आतच मुद्द्याला हात घातला.

"मी जबाब वाचला तुमचा."

"हं."

"तुम्हाला आता कुठल्या दारावर पाठवता येणार नाही."

मास्तरांना वाटलं, त्या हाताबद्दल बोलतायत. "डावा हात आहे की. सवय करतोय."

"हाताचं नाही बोलत मी. पडलेल्या माणसाला मारलंत तुम्ही. पहिला घाव, बोटांवरचा, तो मीसुद्धा घातला असता. पण नंतरचे..." त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्याकडे येणाऱ्या बायका मारणाऱ्या हाताला घाबरून येतात. मी त्यांच्या दारात तोच हात पाठवू?"

मास्तर भडकले. चार वर्षं, दर गुरुवार, आणि आता हे? ते उठले, जिना उतरून सायकलच्या दुकानापर्यंत गेले. तिथे उभे राहिले. आपल्याला राग आलाय तो नर्सबाईंचा नाही, हे कळायला त्यांना तिथे बराच वेळ उभं राहावं लागलं. सायकलवाला म्हणाला, "मास्तर, पंक्चर आहात का?" तेव्हा ते परत वर गेले.

"मग मी काय करू?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"शिकवा," नर्सबाई म्हणाल्या. त्या हलल्यासुद्धा नव्हत्या. चहा गार होऊ दिला होता. "नावाचे मास्तर आहात, कामाचे व्हा."

पहिली शिकाऊ आली ती पूर्वी बेकरीत भट्टीवर काम करणारी. तिच्या हातांवर भाजल्याचे डाग होते, आणि दोनदा सांगितलेलं तिला आवडायचं नाही. मास्तर जिन्याखालच्या दुकानात तिला दार, चौकट, लॅच समजावून सांगायचे, आणि ती "कळलं, पुढे," म्हणायची. तीन आठवड्यांत ती डोळे मिटून स्क्रू बसवायला लागली.

तिचं पहिलं काम आजीचंच होतं. मुलगा कोठडीत होता, आणि हॉस्पिटलनंतर संस्थेत राहिलेली आजी घरी परतली होती. दाराला अजून फळी ठोकलेली होती. नर्सबाई म्हणाल्या, एवढ्या एका दारापुरते मास्तर बरोबर जातील, हत्याराला हात न लावता. मास्तर स्टुलावर बसले आणि नुसते बघत राहिले. नवं दार, नवी चौकट, आणि तेच कुलूप, जे त्या दिवशी अर्धं राहिलं होतं. त्याच्या पितळेवर एक चरा पडला होता. बेकरीवालीनं ते वीस मिनिटांत बसवलं. पाळणाघरवाली मधूनमधून डोकावून "आवाज कमी, पोरं झोपलीत," असं दटावून जात होती.

आजी मशीनवर होती. तिनं मास्तरांच्या हाताकडे बघितलं, मनगटावरच्या तिच्या दातांच्या खुणेकडे बघितलं, आणि पुन्हा कॉलर शिवायला लागली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "फार लागलं होतं का?"

"बोटांपेक्षा तेच जास्त लागलं," मास्तर म्हणाले.

आजी हसली. गाल एका बाजूनं हलत नव्हता, त्यामुळे हसू अर्धंच आलं.

कुलपाबरोबर तीन किल्ल्या होत्या. एक आजीनं गळ्यातल्या दोरीला बांधली. दुसरी समोर पाळणाघरात दिली. तिसरी बराच वेळ तळहातावर धरून ती बसून राहिली, आणि मग तिनं ती मास्तरांच्या डाव्या हातात ठेवली.

"ही तुमच्याकडे असू दे. मी मागायला आले तरी द्यायची नाही."

मास्तरांनी किल्ली खिशात टाकली. त्यांना वाटलं, म्हातारं माणूस, बोलायचं म्हणून बोललं.

पुढच्याच आठवड्यात आजी दुकानात हजर. दोन ठिकाणी बस बदलून आली होती, धाप लागली होती. आखूड पायाच्या स्टुलावर ती बसली, स्टूल डुगडुगलं.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"कशाला?"

"त्याला जामीन मिळतोय म्हणतात. त्याचा वकील म्हणाला. कुठे जाईल तो? मित्रानं घराबाहेर काढलंय त्याला. गुडघा अजून वाकत नाही त्याचा. जिना कसा चढेल, काय खाईल?"

"आजी, तुम्हीच सांगितलंत, द्यायची नाही म्हणून."

"तेव्हा सांगितलं. आता देतोस की नाही?"

"नाही."

ती उठली. प्लास्टर निघालं होतं, दोन्ही हात मोकळे होते. त्या मुठी तिनं मास्तरांच्या छातीवर आपटायला सुरुवात केली. "तू कोण रे? कोण तू माझ्या लेकराच्या आणि माझ्या मध्ये? बोटं मोडलीस, खांदा मोडलास, मारणारच होतास त्याला, मला माहितीये, मी बघितलंय! दे माझी किल्ली!" गल्लीतले लोक थांबून बघायला लागले. बेकरीवाली पुढे झाली, तर मास्तरांनी तिला मान हलवून थांबवलं. ते हात खाली सोडून उभे राहिले. मुठी हलक्या होत्या, पण नेमक्या बसत होत्या, आणि ती जे म्हणत होती त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

तिच्या गळ्यातली दोरी उडून बाहेर आली होती. तिला बांधलेली किल्ली मारामारीत सारखी हलत होती, अगदी तशीच, त्याच कुलपाची. रस्त्यावर तीन दुकानं पुढे दुसरा किल्लीवाला बसत होता, दोन मिनिटांत तिची नक्कल कापून देणारा.

दमली तेव्हा ती थांबली. मास्तरांनी तिला पाण्याचा ग्लास दिला. ग्लास दोन्ही हातांनी धरून ती सगळं पाणी प्यायली.

"नाहीच देणार?" तिनं विचारलं.

"नाही."

"पुढच्या आठवड्यात परत येईन मी."

"या," मास्तर म्हणाले.

तिनं पदरानं तोंड पुसलं, दोरी पुन्हा गळ्यात आत घातली, आणि दुसऱ्या किल्लीवाल्याच्या दुकानावरून त्याच्याकडे न बघता बसच्या थांब्याकडे चालायला लागली.